माणिकद्वीपाला मदत

“वृंदा, तू अध्यक्ष,” मगदूम सर म्हणाले आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी सोडून.

“आणि संरक्षणमंत्री...” सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “इंदुमती झांबरे.”

या वेळी मात्र मी वाजवल्या, चांगल्या जोरात. न वाजवून सांगते कुणाला, अख्खा वर्ग माझ्याच तोंडाकडे बघत होता.

मगदूम सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. आदल्या वर्षी ते दिल्लीला पंधरा दिवसांचं शिबिर करून आले आणि तेव्हापासून त्यांना अभिरूप संसदेनं झपाटलं होतं. म्हणजे विद्यार्थ्यांनी खासदार व्हायचं, खऱ्या संसदेसारखं कामकाज चालवायचं आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. तासगावसारख्या गावात हे नवीनच होतं. बाकीची कॉलेजं आधी संवाद लिहून पाठ करून घ्यायची आणि शेवटी सरकारला जिंकवून मोकळी व्हायची. आमच्या सरांना ते नाटक वाटे. “यंदा पाठांतर नाही,” ते म्हणाले होते. “पक्षाचा आदेश नाही. ज्याला जे पटेल त्यानं त्या बाजूनं हात वर करायचा.”

विषयही त्यांनीच काढलेला. माणिकद्वीप हा आपला मित्रदेश. त्याच्यावर वज्रदेशानं चाल केली आहे. माणिकद्वीपाला तोफा, दारूगोळा आणि तीन युद्धनौका द्याव्यात, असा ठराव सरकार मांडतं आहे. दोन्ही नावं सरांनी मनानं रचली होती, कारण खऱ्या देशाचं नाव घेतलं तर कुणाचा तरी दूतावास तक्रार करील अशी त्यांना भीती होती. तासगावच्या कॉलेजावर! आम्ही चार दिवस हसत होतो.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं.

“सर, मला भाषण करायचं होतं.”

“अगं, अध्यक्ष म्हणजे सभागृहातला सगळ्यात मोठा मान. खुद्द पंतप्रधानसुद्धा मान लववून जातात.”

“पण अध्यक्ष बोलतात किती, सर?”

“कमीत कमी,” सर खुशीत म्हणाले. “अध्यक्षांनी कमीत कमी बोलायचं. त्यातच त्यांची शोभा.”

आमच्या घरच्या काचेच्या कपाटात माझे अकरा कप होते. पाचवीत असताना टिळक पुण्यतिथीला मिळालेल्या पितळी पेल्यापासून ते थेट विद्यापीठाच्या ढालीपर्यंत. तालुक्यात कुठंही वक्तृत्व स्पर्धा असली की बाकीच्या मुली आधी विचारायच्या, सबनीस वकिलांची मुलगी आलीय का? आणि मला सांगत होते, कमीत कमी बोल.

आणि इंदूला बोलायला लावलं होतं. तिला स्टेजवर आणली ती मी. पहिल्या वर्षी ती सावळजहून एसटीनं यायची, तेव्हा हजेरीला “हजर” म्हणायची तेही शेजारणीला ऐकू जात नसे. वडील लहानपणीच गेलेले, ती आणि तिची आई मामाकडे राहायच्या. डबा खाताना एकदा ती मला तिच्या गावातली ग्रामसभा सांगायला लागली आणि मी चकलीचा तुकडा हातात धरून ऐकतच राहिले. मग मीच तिला घरी आणली, श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं, हात कुठं ठेवायचे ते शिकवलं, माझी निळी साडी नेसवून पहिल्या स्पर्धेला उभी केली. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. तिचा दुसरा नंबर आला होता. पहिला माझा.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती भलतीच आवडायची. आमच्या पुढच्या खोलीत, त्यांच्या पक्षकारांच्या बाकावर बसून ती वर्तमानपत्र वाचायची आणि अग्रलेखाशी भांडायची. अण्णा मुद्दाम उलटी बाजू घ्यायचे, आणि ही त्यांना पुरून उरायची. एकदा मी चहा घेऊन बाहेर आले तर अण्णा चष्मा काढून हसत होते.

“ही पोरगी वकील होणार,” ते मला म्हणाले. “लिहून ठेव.”

मला ते असं कधी म्हणाले नव्हते. माझा कप आला की म्हणायचे, “छान. आता अभ्यासाला बस.” अकरा वेळा म्हणाले होते. त्या दिवशी इंदूच्या कपात मी साखर घालायची विसरले आणि तिनं तो न बोलता पिऊन टाकला.

जानेवारीत तिचे आबामामा आमच्याकडे आले. पांढरी टोपी, धोतर, हातात बागेतल्या द्राक्षांची पेटी. बाकाच्या अगदी कडेला बसून त्यांनी सांगितलं की इंदूला मिरजेचं स्थळ आलंय, मुलाचं औषधांचं दुकान आहे, माणसं सालस आहेत.

“आबासाहेब, तिला पुण्याला लॉ कॉलेजला घाला,” अण्णा म्हणाले. “वसतिगृहाचं मी बघतो. वृंदाही जाणार आहे. दोघी राहतील.”

“वकीलसाहेब, पोरगी हुशार हाय, ते मलाबी कळतंय की. पण भावकीत चार तोंडं हायती. बापाविना पोर मामानं पुण्याला सोडली म्हणतील. त्यांच्या म्होरं मी काय ठेवू?”

“ती फेब्रुवारीत स्पर्धेत बोलतेय. येऊन ऐका तरी.”

मामांनी बराच वेळ टोपी मांडीवर फिरवली. “असं करूया,” ते म्हणाले. “कप घरात येऊ द्या. कप आला तर देवळीत ठेवतो आन् समद्यांना दावतो, बघा, जिल्ह्यात पयली आलीया, म्हणून धाडतोय पुण्याला. मग कोण बोलतंय बघू. न्हाई आला, तर वैशाखात अक्षता. शब्द माझा.”

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दाराआड होतो. इंदूनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

“वृंदे, तू आहेस ना?” ती कुजबुजली. “तू आहेस म्हणजे मला भीती नाही.”

मी होते. तीन आठवडे मी तिची रोज तयारी करून घेतली, आणि अगदी मनापासून. मत्सर आणि मन लावून शिकवणं एकाच वेळी जमतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं भाषणात आपल्या आईच्या शेताची गोष्ट घालायची म्हटल्यावर मी ती खोडून टाकली. “संसदेत घरचं काढायचं नसतं. आकडे घे, करार घे, आंतरराष्ट्रीय कायदा घे.” तिनं मान डोलावली. तो सल्ला मी तिच्या भल्यासाठी दिला की नाही, ते माझं मलाच सांगता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी अण्णांची सांगलीला तारीख होती. निघताना त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “अध्यक्षांना घड्याळ लागतं,” ते म्हणाले. “आणि इंदूला सांग, अण्णांनी आशीर्वाद दिलाय.”

मी निरोप सांगितला. नाही कशाला म्हणू?

कॉलेजच्या हॉलमध्ये बाकं समोरासमोर मांडली होती, मध्ये वाट, टोकाला चौथऱ्यावर माझी उंच पाठीची खुर्ची. ती प्राचार्यांच्या खोलीतून आणलेली. समोर टेबलावर हातोडी, घड्याळ आणि नियमांची वही. मागच्या बाजूला पाहुणे बसले होते, त्यात तिसऱ्या रांगेत आबामामा, कडक इस्त्रीच्या टोपीत. मी सोडून सभागृहात पंचवीस खासदार. आमच्या आधी दोन कॉलेजांची अधिवेशनं झाली होती आणि परीक्षक जरा पेंगुळले होते.

विरोधी पक्षनेता सर्जेराव चांगला बोलला. “माणिकद्वीपाबद्दल आम्हालाही वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पण वाईट वाटणं वेगळं आणि तोफा देणं वेगळं. आज तोफा द्याल, उद्या त्या चालवायला माणसं मागतील, परवा आमच्याच गावात तारा येतील की तुमचा मुलगा कामी आला. अध्यक्ष महोदया, संरक्षणमंत्र्यांनी सांगावं, कुणाच्या घरचा मुलगा पाठवणार?”

विरोधी सदस्यांनी बाकं बडवली. पाहुण्यांतही हालचाल झाली. आमच्या तालुक्यात फौजेत माणूस नाही असं घर विरळा.

“माननीय संरक्षणमंत्री,” मी म्हटलं. तेवढंच म्हणायचं होतं.

इंदू उठली. निळीच साडी होती, माझी. तिनं आकडे सांगितले, करार सांगितला, मी शिकवलेल्या जागी श्वास घेतला. ठीक चाललं होतं. परीक्षकही ठीकठाक गुण देत असल्यासारखे लिहीत होते. मग ती थांबली, आणि हातातला कागद तिनं घडी घालून बाकावर ठेवला.

“अध्यक्ष महोदया, कुणाच्या घरचा मुलगा, असं विचारलंय. मी घरचंच सांगते. माझे वडील वारले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेरावा झाला नाही तोवर भाऊबंदांनी आमच्या रानात नांगर घातला. आई एकटी. ती बांधावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी लोकांनी समजूत घातली, दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी दगड आला. तिसऱ्या दिवशी आई उठणार होती. तेवढ्यात माझ्या मामाचा निरोप आला. एकच शब्द. ‘येतोय.’ मामाला यायला आठ दिवस लागले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, आजी आजारी होती. पण त्या एका शब्दावर माझी आई आठ दिवस बांधावरून हलली नाही. अध्यक्ष महोदया, तोफा पोचायला वेळ लागेल, मला माहीत आहे. कदाचित पुरणारही नाहीत. पण मदत येतेय एवढं कळलं, तर माणूस आठ दिवस जास्त तग धरतो. आणि शब्द देऊन मित्र आला नाही, तर माणसाला शत्रूची गरज उरत नाही. आपण माणिकद्वीपाला शब्द दिलेला आहे.”

ती खाली बसली. मग सर्जेरावच्या मागे बसलेल्या, म्हणजे विरोधी पक्षाच्याच एका मुलानं बाक बडवलं आणि पाठोपाठ सगळा हॉल. मधला परीक्षक चष्म्याआडून डोळे पुसत होता. आबामामांनी टोपी काढून त्याच टोपीनं तोंड झाकलं होतं.

मी हातोडी आपटून “शांतता, शांतता” म्हणत होते. मी अकरा कप आणले, पण माझं भाषण ऐकून कुणी कधी रडलं नव्हतं. आणि हे तिनं, मी खोडलेल्या जागेवर, मला न विचारता, माझ्या साडीत, मला ‘महोदया’ म्हणत केलं होतं. मला तिचा इतका राग आला की हातातली हातोडी जड वाटायला लागली.

तेवढ्यात इंदूला ठसका लागला. सारखा लागला. तिच्या मागच्या बाकावरची शकू जंगम माझ्याकडे बघून खुणेनंच परवानगी मागून पाणी आणायला बाहेर पळाली. शकू सरकार पक्षातली.

मी घड्याळ पाहिलं. चर्चेची वेळ संपली होती.

“ठराव मताला टाकण्यात येत आहे,” मी म्हटलं. “घंटा.”

मतदानाआधी दोन मिनिटं घंटा वाजायची, असा नियम होता. बाहेर गेलेल्या सदस्यांना परत येता यावं म्हणून. दोन मिनिटं झाली की अध्यक्ष म्हणणार, दारं बंद करा. त्यानंतर पंतप्रधान आले तरी आत घ्यायचं नाही. प्रयोगशाळेचे नदाफमामा व्हरांड्यात उभं राहून कॉलेजची पितळी घंटा बडवायला लागले.

माझ्या खुर्चीवरून डावीकडची खिडकी दिसायची. खिडकीतून व्हरांड्याचं दुसरं टोक, तिथला पाण्याचा माठ, आणि पेला भरून घाईघाईनं पण सांडू नये म्हणून जपून येणारी शकू. टेबलावर अण्णांचं घड्याळ. एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

“दारं बंद करा,” मी म्हटलं.

नदाफमामांनी चमकून पाहिलं, पण अध्यक्षांचा हुकूम. घंटा थांबली, दारं लागली. घड्याळ एकट्या माझ्यापुढं होतं. शकू दाराच्या काचेपाशी येऊन उभी राहिली, हातात पेला.

“ठरावाच्या बाजूनं?”

हात वर झाले. विरोधी बाकांवरूनही झाले. बारा.

“विरुद्ध?”

बारा.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मगदूम सर जागेवरून अर्धवट उठले, आनंदानं. असली समान मतं त्यांनी पुस्तकातच वाचली होती. समान मतं पडली की अध्यक्षांनी आपलं मत द्यायचं. आणि ते कसं द्यायचं, याचाही संकेत त्यांनी आम्हाला घोकून शिकवला होता. सभागृहाचा निर्णय होत नसेल तर अध्यक्षांनी आपल्या मतानं नवं काही घडवू नये. जे आहे ते तसंच ठेवावं.

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. तिचा ठसका थांबला होता. ती हसली, माझ्याकडे बघून ती नेहमी हसायची तशी. मी असल्यावर तिला भीती नव्हती ना.

“संकेताला अनुसरून,” मी स्पष्ट, मोकळ्या आवाजात म्हटलं, “अध्यक्षांचं मत ठरावाच्या विरुद्ध. ठराव नामंजूर.”

सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. शाब्बास, चोख केलंस. तो दिवसभरातला माझा सगळ्यात मोठा संवाद होता.

कामकाज संपलं तसे आबामामा पुढं आले. इंदूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “लई ग्वाड बोललीस, बाय. तुझ्या आईनं ऐकायला पायजे हुतं.” मग टोपी नीट घातली. “पण ठराव पडला. हरलो आपुन. चल, पावणेपाचची एसटी मिळंल.”

“मामा, नंबर अजून लागायचेत,” इंदू म्हणाली. “ठरावाचा आणि नंबराचा काही संबंध नाही.”

“असं कसं? तू मांडलंस ते पडलं न्हवं? निवडणुकीत पडलेल्याला कुटं कप देत्यात?”

इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला फक्त म्हणायचं होतं, मामा, थांबा, निकाल साडेपाचला आहे. मी वकिलाची मुलगी, माझं मामांनी ऐकलं असतं. मी खाली वाकून नियमांची वही गोळा करत राहिले. त्या दोघांच्या चपला व्हरांड्यातून लांब जाताना ऐकू आल्या.

साडेपाचला निकाल लागला. उत्कृष्ट संसदपटू, प्रथम क्रमांक, कुमारी इंदुमती झांबरे. चांदीसारखा चकचकीत, दोन कानांचा, हातभर उंच कप. तिचं नाव दोनदा पुकारलं, मग सर मला म्हणाले, “वृंदा, मैत्रीण आहेस, तू घे तिच्या वतीनं. उद्या पोचव.”

मी कप घेतला. टाळ्या पडल्या. फोटोही आहे.

रात्री जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. घंटेचं सोडून. ते म्हणाले, “आबासाहेबांना कोण समजावणार! कप बघितला की कळेल त्यांना. उद्याच्या उद्या नेऊन दे. शब्दाचा माणूस आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कप कापडी पिशवीत घालून मी स्टँडवर गेले. सावळजची गाडी लागलेली होती. कंडक्टर पायरीवर उभा राहून म्हणाला, “सावळज का ताई?” मी पिशवी छातीशी धरून उभी होते. मला पुण्याची वसतिगृहाची खोली दिसत होती, दोन खाटा, आणि भेटायला आलेले अण्णा तिच्या खाटेवर बसून तिच्याशी भांडतायत, हसतायत. जन्मभर मी चहा आणणार.

“नाही,” मी म्हटलं. गाडी गेली.

“पोचवलास?” अण्णांनी विचारलं.

“पोचवला.”

खरं तर मी ठरवलं होतं की उद्या जाईन. मग परवा. मग परीक्षा आली. कप माझ्या ट्रंकेत, हिवाळी कपड्यांखाली होता. इंदू कॉलेजात दिसली ती थेट परीक्षेलाच, बोटात साखरपुड्याची अंगठी. पेपर कसा गेला ते दोघींनी एकमेकींना विचारलं. कपाबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हा मला वाटलं, तिला माहीतच नाही. बरंच झालं असंही वाटलं.

लग्नाची पत्रिका घेऊन आबामामा स्वतः आले. अण्णा पुढच्या खोलीत असून बाहेर आले नाहीत. “ज्यानं पोरीला दिलेला शब्द मोडला त्याचं तोंड बघायचं नाही मला,” ते आतूनच म्हणाले, मामांना ऐकू जाईल असं. मामा पत्रिका बाकावर ठेवून गेले. त्या दोघांचं बोलणं मरेपर्यंत बंद होतं.

पुण्याला मी एकटी गेले. वकील झाले, बरी चालली वकिली. “लिहून ठेव” असं अण्णा माझ्याबाबत शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

अण्णा गेले त्या वर्षी, म्हणजे मधे बत्तीस वर्षं गेल्यावर, मी तासगावचं घर आवरायला गेले होते. दुपारी चारच्या सुमारास दारात एक बाई उभी. जाडसर, केस पिकलेले, हातात केळ्यांचा घड, दुखवट्याला आलेली.

“वृंदे,” ती म्हणाली. आवाज तोच.

पक्षकारांच्या त्याच बाकावर ती बसली. अण्णांच्या आठवणी काढून रडली, माझ्यापेक्षा जास्त. मग संसाराचं सांगितलं. नवरा भला, दोन मुलं, दुकान मोठं झालंय, हिशेब तीच बघते. “चांगलं झालं गं सगळं. माणसं चांगली मिळाली.” आणि खरंच तिच्या तोंडावर कुठं काही कडू नव्हतं.

मला ते सोसवेना. मी उठले, आतल्या खोलीतून ट्रंक ओढली आणि कप आणून तिच्यापुढं ठेवला. काळा पडला होता, एक कान वाकला होता.

“हा तुझा,” मी म्हटलं. “तुझा पहिला नंबर आला होता, इंदू. तुला माहीत नाही.”

तिनं कपाकडे बघितलं. हात लावला नाही.

“माहीत आहे की,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी मगदूम सरांचं कार्ड आलं होतं. अभिनंदन, कप वृंदाबरोबर पाठवलाय म्हणून.”

मी कपाचा वाकलेला कान सरळ करायला लागले.

“मामांना दाखवलं मी. ते म्हणाले, कार्ड कोण बघतंय, मी कपाचा शब्द दिलाय, कप येऊ दे. मिरजेचे लोक बसले होते सुपारीला. मामांनी त्यांना थांबवलं. दोनदा थांबवलं. म्हणाले, वकिलाची पोर घेऊन यायचीय कप, तेवढा येऊ दे.” ती जरा हसली. “तुझ्या अण्णांना उगाच राग होता त्यांच्यावर. मी सांगायला यायची होते, पण मग तुझं नाव घ्यावं लागलं असतं.”

“तू पत्र का नाही टाकलंस मला?”

“लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, मैत्रिणीला आठवण काय करायची. येईलच ती.” पदराच्या टोकानं तिनं बाकावरची धूळ पुसली. “साडेतीनची एसटी यायची सावळजला. रोज थांब्यावर जायचे. आई म्हणायची, उन्हात उभी राहू नकोस. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मीच मामांना म्हटलं, सुपारी फोडा.”

“इंदू, मी...”

तिनं हात वर केला. सभागृहात हरकत घेताना करायचो तसा, आणि अगदी मायेनं म्हणाली, “असू दे गं. अध्यक्षांनी कमीत कमी बोलायचं असतं.”

मग ती उठली. मिरजेची गाडी पाचला होती. केळी फ्रीजमध्ये ठेवू नकोस, काळी पडतात, असं तिनं सांगितलं. कप बाकावरच राहिला. मी निरोप द्यायला उठत होते, पण ती म्हणाली, “बस तू, दमलीस,” आणि बाहेर पडताना दार तिनंच हलक्या हातानं ओढून घेतलं.